यजमान शहर आणि विद्यार्थी स्वयंसेवक : पुणे, २००८

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्यात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पार पडल्या. एडिंबरो (२०००) व बेंडिगो (२००४) यांच्यानंतर हा मान पुण्यास मिळाला. ७१ देशांची पथके आली. भारताने ३३ सुवर्णपदकांसह पदकतालिकेत प्रथम स्थान मिळविले. हा तपशील सर्वत्र नोंदलेला आहे. पाहुण्या पथकांच्या स्वागतास उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित घटकाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

खेळाडूंच्या सेवेतील विनावेतन स्वयंसेवकाची कल्पना नवी नव्हे. स्टॉकहोम येथील १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये बालवीरांनी निरोप्यांचे काम केले होते. तथापि 'ऑलिंपिक स्वयंसेवक' या संज्ञेची अधिकृत व्याख्या बार्सिलोना येथील १९९२ च्या स्पर्धांच्या संदर्भात प्रथम झाली. महाराष्ट्रात मात्र 'स्वागत समिती' व 'स्वयंसेवक' हे शब्द क्रीडांगणापेक्षा सभामंडपातून रूढ झाले. १८९५ चे पुण्यातील काँग्रेस अधिवेशन आणि १९३६ चे फैजपूर येथील, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ही त्याची ठळक उदाहरणे होत. साहित्य संमेलनांनीही तोच परिपाठ चालविला. स्वातंत्र्योत्तर काळात २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने या वृत्तीस महाविद्यालयीन चौकट दिली.

मात्र सभामंडपातील स्वयंसेवक आणि क्रीडानगरीतील स्वयंसेवक यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला स्वतःस एका चळवळीचा घटक मानीत असे. दुसरा एका नियोजनयंत्रणेचा, गळ्यात ओळखपत्र घातलेला घटक असतो. त्याच्या श्रमास सेवा म्हणावे की विनामूल्य मनुष्यबळ, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही वर्णने अपुरी आहेत. राष्ट्रकुलाची व्यवहारभाषा इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास परदेशी समवयस्काशी चार वाक्ये बोलण्याचा असा प्रसंग वर्गात सहसा येत नाही. (साम्राज्याच्या भाषेने साम्राज्यातून मुक्त झालेल्यांची अशी गाठ घालून द्यावी, हा इतिहासाचा एक गमतीदार भाग.)

स्थलदृष्ट्याही हा विषय विचारात घेण्याजोगा आहे. स्पर्धेचे केंद्र असलेले बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. ते शहराच्या पश्चिम टोकास. लोहगाव विमानतळ व त्याच्या परिसरातील खराडी पूर्वेस. खराडी आणि बालेवाडी ही दोन्ही गावे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी हे शहर जगाचे यजमान झाले. खराडीकडील विद्यार्थ्यास बालेवाडीस पोहोचण्यासाठी सारे शहर ओलांडावे लागे. पदकतालिकेत या प्रवासाची नोंद होत नाही.

या इतिहासाची साधने शासकीय अहवालांपेक्षा महाविद्यालयांच्या कपाटांत असण्याचा संभव अधिक आहे. हजेरीपत्रके, राष्ट्रीय सेवा योजनेची वार्षिक वृत्ते, नियतकालिकांतील छायाचित्रे, जपून ठेवलेली ओळखपत्रे ही ती साधने होत. तेव्हाचे विद्यार्थी आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्या मुलाखती आजही घेता येतील.