पांढरं पीस आणि प्रायव्हेट गॉडफ्रे

१९१६ चा सप्टेंबर. फ्रान्समधलं सॉमचं रणांगण. चिखलात तुमचा पाय घोट्यापर्यंत रुततो, तो ओढून काढेस्तोवर समोर हातघाईची लढाई जुंपलेली असते. समरसेट लाइट इन्फंट्रीच्या एका वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता बसतो. पाठोपाठ संगिनीचे वार. एक जांघेत, एक डाव्या हातावर. तो कोसळतो. घाबरू नका, आर्नल्ड रिडली यातून वाचणार आहे. पण तो हात पुन्हा धड कामाचा होणार नाही आणि डोक्यावरच्या त्या फटक्यामुळे पुढे कित्येक वर्षं त्याला अचानक भोवळ येत राहील.

आता इंग्लंडला चला. लष्कराने त्याला मोकळं केलंय आणि तो साध्या कपड्यांत रस्त्याने चाललाय. एक बाई समोर येते आणि त्याच्या हातात पांढरं पीस ठेवते. घरी बसलेल्या धडधाकट तरुणांना भ्याड ठरवण्याची ही तेव्हाची रीत. जखमी होऊन परतलेल्यांना ओळखीसाठी चांदीचा बिल्ला मिळतो. त्याच्याकडेही आहे, पण खिशात. आपल्या जखमेची जाहिरात करणं त्याला पटत नाही. पीस घेऊन तो मुकाट्याने पुढे जातो. त्या बाईला गाठून चार शब्द सुनवावेत असं तुम्हाला वाटेल. मला तरी दर वेळी वाटतं.

नट व्हायचं हे त्याचं ठरलेलंच होतं. युद्ध संपता संपता तो बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी कंपनीत दाखल होतो, दोन वर्षं भूमिका करतो, मग प्लिमथला जातो. पण जखमा रंगमंचावर टिकू देत नाहीत. तो बाथला घरी परततो, वडिलांच्या बुटांच्या दुकानात उभा राहतो आणि रात्री नाटकं लिहीत बसतो.

त्याच दिवसांत एका प्रवासात तो मँगट्सफील्ड नावाच्या जंक्शनवर अडकतो. तुम्हीही उतरा तिथे. हे ब्रिस्टलजवळचं स्टेशन, फलाटावर चिटपाखरू नाही आणि पुढच्या गाडीला अजून कितीतरी अवकाश. तेवढ्यात गाडीची धडधड ऐकू येते. जवळ येते, अगदी अंगावरून गेल्यासारखी होते आणि दूर विरून जाते. रुळांवर मात्र काहीच आलेलं नसतं. कारण साधं आहे. बाथहून ग्लॉस्टरला न थांबता जाणारी एक्स्प्रेस शेजारच्या वळणाच्या मार्गाने स्टेशन चुकवून निघून जाते. रिडलीला हे कारण ठाऊक असेलही. तरी त्याला दिसते ती न दिसणारी गाडी.

त्यातून ‘द घोस्ट ट्रेन’ हे नाटक उभं राहतं. १९२५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये प्रेक्षकांत बसू नका, थेट विंगेत या. इथे खरी धमाल आहे. मंचाला ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवरून बागेतला जड रोलर ढकलला जातोय. कुणी ढोल बडवतंय, कुणी लोखंडी टाकी, कुणी शिट्टी फुंकतंय. पडद्यापलीकडे बसलेल्या लोकांना वाटतं, भुताची गाडी आली! नाटकाचे सहाशेच्या वर प्रयोग होतात, पुढे सिनेमे निघतात. आलेला पैसा तो सिनेमानिर्मितीत घालतो, ती कंपनी बुडते, आणि ती देणी फेडण्यात वर्षं जातात.

१९४० चा मे महिना भरभर ओलांडा. चव्वेचाळिशीत, असल्या शरीराने, तो पुन्हा गणवेशात फ्रान्सला गेलाय आणि जर्मन फौजा चालून येत असताना बुलोन बंदरातून कसाबसा निसटतोय. त्या दिवसांबद्दल तो पुढे फारसं बोलला नाही, म्हणून आपणही तिथे रेंगाळायला नको. परतल्यावर तब्येतीमुळे लष्कर सुटतं, तर तो आपल्या गावच्या होम गार्डमध्ये, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांच्या संरक्षण दलात, भरती होतो.

याच होम गार्डवरची मालिका १९६८ साली बीबीसीवर सुरू होते, ‘डॅड्स आर्मी’. सत्तरीचा कॉर्पोरल जोन्स रंगवणारा क्लाइव्ह डन अजून पन्नाशीलाही पोचलेला नाही. प्रायव्हेट गॉडफ्रे झालेले रिडली मात्र खरेच बहात्तर वर्षांचे आहेत. गॉडफ्रे म्हणजे पलटणीतला सर्वांत मवाळ माणूस. ऐन कवायतीत संकोचून बाथरूमला जाण्याची परवानगी मागणारा, बहिणींच्या हातचे केक वाटणारा. नऊ वर्षांत ८० भाग होतील, रिडली एक्क्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत काम करतील, १९८२ मध्ये त्यांना ओबीई मिळेल. तुम्ही मात्र १९६९ च्या नोव्हेंबरातच थांबा. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेला ‘ब्रँडेड’ हा भाग चालू आहे.

गॉडफ्रे राजीनामा देतो. बोलता बोलता उघड होतं की पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र धरायला नकार दिला होता. कॅप्टन मॅनरिंग, म्हणजे आर्थर लो, तोंड फिरवतात. बाकीचे त्याला वाळीतच टाकतात. आता फक्त रिडलींच्या चेहऱ्याकडे बघा. ते बाजू मांडत नाहीत, दुखावल्याचं दाखवतही नाहीत. कुणाची गैरसोय व्हायला नको अशा अदबीने गॉडफ्रे सगळं सोसतो. एखादा चांगला नट हे नुसत्या कसबावरही निभावून नेईल. पण ज्याने पीस घेऊन बिल्ला खिशातच ठेवला, त्याला कसबाबाहेरचं काही ठाऊक होतं, असं मी ठामपणे म्हणेन.

मग एका सरावात धुराने भरलेल्या खोपट्यात मॅनरिंग अडकतात, आणि त्यांना बाहेर काढतो तो गॉडफ्रेच. तो अंथरुणावर पडलेला असताना भिंतीवरचा फोटो पलटणीच्या नजरेला पडतो. त्यात त्याच्या छातीवर मिलिटरी मेडल आहे. बहीण सांगते, हा स्ट्रेचर उचलणारा म्हणून गेला होता, आणि गोळीबारात शिरून त्याने जखमींना वाचवलं. कुठे? सॉमला.

मॅनरिंग ओशाळतात आणि गॉडफ्रेला पलटणीचा वैद्यकीय मदतनीस नेमतात. त्यानंतरच्या भागांत रिडलींच्या वाट्याला पुन्हा नेहमीची चार वाक्यं येत राहतात, आणि ती ते तितक्याच मनापासून म्हणतात.