खांदेश्वर

खांदेश्वर : महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात मोडणारी नवी मुंबईतील एक वस्ती व हार्बर उपनगरी मार्गावरील पनवेलच्या अलीकडील स्थानक. तळ्याकाठच्या खांदेश्वर या शिवमंदिरावरून हे नाव पडले. मंदिराच्या नावात शेजारच्या खांदा या मूळ गावाचे नाव सामावलेले दिसते. महाशिवरात्रीस येथे भाविकांची गर्दी होते. स्थानकाचा रोज वापर करणाऱ्यांपैकी हे तळे पाहिलेले लोक मात्र थोडेच असावेत.

नवे शहर वसण्यापूर्वी खांदा, आसूडगाव, कामोठे ही पनवेल खाडीच्या परिसरातील भातशेतीची गावे होती. आगरी, कोळी, कराडी हे या भागातील प्रमुख समाज. खाडीलगतच्या जमिनीत भरतीचे पाणी शिरू नये म्हणून माती-दगडांचे बांध घालीत व पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यांत उघाडी बसवीत. भरतीच्या दाबाने उघाडीचे दार मिटे, ओहोटीस ते उघडे. बांधास खांड पडल्यास खारे पाणी शेतात पसरून पुढील हंगामही हातचे जात. त्यामुळे बांध राखणे हे एका कुटुंबाचे नव्हे, तर साऱ्या गावाचे काम असे. १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमाने या बांधबंदिस्तीकडे शासनाचे लक्ष वळले. भाताचा हंगाम सरला की खाडीतील मासेमारी चाले. येथील जिताडा विशेष प्रसिद्ध. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ही प्रथा परिसरात अजूनही आढळते.

मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी मांडली. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. संपादनाबरोबर बांध राखण्याचे प्रयोजनच संपले. मोबदला मुख्यतः सातबाराच्या उताऱ्यावरील धारकास मिळे. बांधावर राबणारा मजूर वा खाडीत जाळे टाकणारा त्या हिशेबात सहज बसत नव्हता. शहराच्या आखणीतील ही उणीव मोठी म्हणावी लागेल. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी आंदोलन उभारले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात व नवघर येथे झालेल्या गोळीबारांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना परत देण्याची योजना आली, ती याच लढ्याचे फळ होय.

खांदा गावालगत नवीन पनवेलचा पश्चिम भाग उभा राहिला. तो खांदा वसाहत या नावाने ओळखला जातो. बेलापूर–पनवेल लोहमार्ग १९९८ मध्ये सुरू झाल्यावर वस्ती वेगाने वाढली. नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आखीव भूखंडांवरील इमारतींत राहू लागली, तर जुन्या गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी मिळेल त्या जागेत घरे बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून ओळखला जाणारा ती नियमित करण्याचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन होऊन हा परिसर तिच्या हद्दीत आला. १८५२ मध्ये स्थापन झालेली पनवेलची जुनी नगरपालिका तिच्यातच विलीन झाली.

जवळच्या नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा वस्त्या हलविण्यात आल्या. त्यास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी उभारली व सिडकोस घेराव घातला. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव संमत केला. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.