इंजिनाची खडखड आणि प्रीमियमचा भाव

अमेरिकेतल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की समोर पिवळ्या पट्टीवर काळे आकडे दिसतात: ८७, ८९ आणि ९१ किंवा ९३. पहिले रेग्युलर, शेवटचे प्रीमियम. दोघांच्या भावात एरवी वीस ते तीस टक्क्यांचा फरक असतो. कॅडिलॅक एस्कलेडसारखी आलिशान एसयूव्ही घेऊन आलेल्या माणसाचा हात सवयीनेच प्रीमियमकडे जातो. या गाडीचे मॅन्युअल मात्र प्रीमियम ‘वापरावे अशी शिफारस’ करते, ‘वापरलेच पाहिजे’ असे सांगत नाही. हा सौम्य शब्द तिथे कुठून आला, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते. माझे म्हणणे असे, की रेग्युलर की प्रीमियम हा प्रश्न मुळात ग्राहकाच्या आवडीचा नव्हताच. सुरुवातीची साठेक वर्षे त्याचे उत्तर इंजिन देत होते, तेही कानाला ऐकू येईल असे. पुढे इंजिन गप्प झाले आणि निर्णय मालकावर येऊन पडला. तोपर्यंत महागडे पेट्रोल म्हणजे चांगले पेट्रोल ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसवून झालेली होती.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. त्या धक्क्याने धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर गाडीची गती मंदावली आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही खडखड हमखास सुरू व्हायची. फार काळ चालली तर पिस्टन खराब व्हायचे. चार्ल्स केटरिंगने बनवलेला सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकला बसला, आणि गाडी खडखडली की दोष केटरिंगच्याच बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनला दिला जाऊ लागला. खरे कारण शोधण्याचे काम केटरिंगने थॉमस मिजली या तरुण इंजिनियरकडे सोपवले. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे हे त्यातून सिद्ध झाले. नॉकिंग थांबवू शकणाऱ्या पदार्थांचा शोध वर्षानुवर्षे चालला आणि डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, हाती लागले. गॅलनभर पेट्रोलला त्याचे काही थेंब पुरत.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहरात शिसे मिसळलेल्या पेट्रोलची पहिली विक्री झाली. सुरुवातीला शिसे रिफायनरीत मिसळलेले नसे. पंपावरच एका छोट्या उपकरणातून ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पेट्रोलमध्ये सोडले जाई. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कंपनी काढली. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते हे मिजलीला ठाऊक होते. त्याने तसे पेटंटही मागितले होते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकत होता, त्यावर एका कंपनीची मालकी बसणे अवघड होते. शिशाची किंमत कामगारांनी मोजली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत या संयुगाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन पाच कामगार दगावले. न्यूयॉर्क शहराने विक्रीवर बंदी घातली. मे १९२५ मध्ये सर्जन जनरलने बोलावलेल्या परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हे शिसे साऱ्या समाजाच्या आरोग्यावर उठेल असे बजावले. पुढच्याच वर्षी एका समितीने बंदी घालण्याइतके कारण दिसत नाही असा निर्वाळा दिला आणि मध्यंतरी थांबलेली विक्री पुन्हा सुरू झाली. पंपावर दोन प्रतींचे, दोन भावांचे पेट्रोल असावे ही रीत अमेरिकेत रुजली ती याच काळात.

हा जास्तीचा भाव केवळ रसायनाचा खर्च होता, असे म्हणता येत नाही. सन ऑइल कंपनीने १९२७ मध्ये निळ्या रंगाचे ‘ब्लू सनोको’ बाजारात आणले. त्यात शिसे नव्हते, नॉकिंगला ते चांगले तोंड देत असे आणि भाव साध्या पेट्रोलचाच होता. म्हणजे वेगळी वाट होती आणि त्या वाटेने माल विकलाही जात होता. उलट एथिल कंपनी घाऊक विक्रेत्यांना परवाना देताना कोण पडत्या भावाने विकतो यावर नजर ठेवी, आणि तसे करणाऱ्यांना परवाना नाकारी. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही परवान्याची पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली. पेटंटच्या आडून बाजारातले भाव आणि विक्रेते ताब्यात ठेवता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. प्रीमियमची प्रतिष्ठा घडताना किती सांभाळून घडवली गेली, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

एथिल कंपनीतल्याच ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ऑक्टेनची मोजपट्टी तयार केली. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य. सुरुवातीला शुद्ध हेप्टेन मिळवायला सोपा मार्ग होता तो जेफ्री पाइन नावाच्या झाडाची राळ. तिच्या अर्कातून ते निघे. एका सिलिंडरच्या खास इंजिनात दाब कमी-जास्त करत इंधनाची तुलना या दोन द्रवांच्या मिश्रणाशी केली जाते. आकडा सांगतो ते एवढेच, की हे इंधन किती दाब सोसल्यावर वेळेआधी पेटते. त्यातली ऊर्जा, शुद्धता किंवा दर्जा यांपैकी काहीही हा आकडा मोजत नाही. शिवाय मोजण्याच्या पद्धती दोन. भारत आणि युरोपमध्ये रिसर्च ऑक्टेनचा आकडा लिहितात, तर अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन्ही पद्धतींची सरासरी. त्यामुळे तिकडचे ८७ आणि आपल्याकडचे ९१ साधारण एकाच पातळीवर येतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेलेल्या मराठी माणसाला तिकडचे पेट्रोल हलके वाटते ते या आकड्यांमुळे.

शिशाने वाट मोकळी केली आणि इंजिनांची शर्यत लागली. मिश्रण जितके जास्त दाबावे तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते, हे इंजिनियरांना आधीपासून ठाऊक होते. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये मिश्रण दाबण्याचे हे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन, चाराच्या आसपास होते. १९४९ च्या कॅडिलॅकमध्ये ते साडेसातावर गेले आणि साठच्या दशकातल्या दांडग्या गाड्यांमध्ये दहाच्याही वर. त्या इंजिनांना प्रीमियम खरोखरच लागे. कुणी रेग्युलर भरले तर पहिल्याच चढावर गाडी खडखडून सांगे. मग १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने सगळे उलटले. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो, म्हणून शिसे जाणे भाग होते. जनरल मोटर्सने १९७१ च्या गाड्यांचे कॉम्प्रेशन खाली आणले आणि १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले. ज्या गाड्यांसाठी प्रीमियम जन्माला आले, त्यांची सद्दी संपली. प्रीमियमचा नळ मात्र पंपावर तसाच राहिला, आणि त्यामागची ऐट तर जरासुद्धा कमी झाली नाही.

खरा बदल त्यानंतर झाला, आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. १९७८ मध्ये ब्यूइकने आपल्या टर्बो इंजिनावर नॉकिंग ओळखणारा सेन्सर बसवला. साब कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीच कल्पना पुढे नेली: नॉकिंगची चाहूल लागली की टर्बोचा दाब आपोआप उतरवायचा, म्हणजे वेगवेगळ्या ऑक्टेनच्या इंधनावर गाडी चालू शकेल. आज जवळजवळ प्रत्येक इंजिनाला हा सेन्सर असतो. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने आवळलेला हा छोटासा तुकडा धातूतली थरथर टिपतो आणि संगणक ठिणगीची वेळ किंचित मागे ढकलतो. चालकाला काही ऐकू येत नाही; थोडी ताकद आणि थोडे मायलेज तेवढे कमी होते. मॅन्युअलमधली ‘शिफारस’ या सेन्सरमुळेच शक्य झाली. रेग्युलरवर चालेल पण पूर्ण ताकद मिळणार नाही, असे इंजिन पूर्वी बनवून विकणे कठीणच होते. इंजिनाने कानात सांगायचे थांबवले आणि मालकाला आकडे पाहून ठरवण्याची वेळ आली.

ते आकडे काय सांगतात? अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रीमियमची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या काही गाड्यांची चाचणी घेतली. मायलेज सरासरी २.७ टक्क्यांनी आणि ताकद १.४ टक्क्यांनी वाढली. सर्वांत जास्त फायदा झाला तो २०१६ च्या एस्कलेडला: मायलेज ७.१ टक्क्यांनी वाढले. एस्कलेडचे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन ११.५ कॉम्प्रेशनचे आहे, त्यामुळे यात नवल नाही. तरीही हिशेब करून पाहावा. रेग्युलरचा भाव गॅलनला ३ डॉलर धरला आणि प्रीमियम वीस टक्क्यांनी महाग, म्हणजे ३.६० डॉलर. रेग्युलरवर १०० गॅलन लागणाऱ्या प्रवासाला प्रीमियमवर साधारण ९३.४ गॅलन लागतील. खर्च ३०० डॉलरच्या जागी सुमारे ३३६. म्हणजे सर्वांत जास्त फायदा झालेल्या गाडीतही पैसे वाचत नाहीत.

प्रीमियमने इंजिन स्वच्छ राहते, हा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य होते, पण ते ऑक्टेनचे नव्हते, मिसळलेल्या रसायनांचे होते. अमेरिकेत १९९५ पासून प्रत्येक प्रतीच्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारे रसायन घालणे बंधनकारक आहे. २००४ मध्ये काही वाहन कंपन्यांनी टॉप टियर हा आणखी कडक दर्जा ठरवला, आणि तो पाळणाऱ्या पंपावर रेग्युलरलाही तोच लागू असतो. एक्सॉनने आपल्या महागड्या पेट्रोलमुळे इंजिनाचा देखभालीचा खर्च घटतो अशा जाहिराती केल्या, तेव्हा फेडरल ट्रेड कमिशनने तक्रार नोंदवली. १९९७ च्या तडजोडीत बहुतेक गाड्यांना साधे पेट्रोल पुरते, हे ग्राहकांना सांगण्याचे कंपनीने कबूल केले. दुसरा आक्षेप श्रीमंतीचा: एवढी महाग गाडी घेणाऱ्याने पेट्रोलचे पैसे कशाला मोजावे? मोजू नयेत, हरकत नाही; पण आपण ताकद विकत घेतो आहोत, इंजिनाचे आयुष्य नव्हे, हे त्याला माहीत असावे. तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. काही टर्बो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये प्रीमियम सक्तीचे असते. तिथे रेग्युलर भरणे म्हणजे सेन्सरला त्याच्या कुवतीपलीकडे राबवणे होय. शिफारस असलेल्या एसयूव्हीनेही रणरणत्या उन्हात जड ट्रेलर ओढत घाट चढायचा असेल, तर प्रीमियमचे पैसे वसूल होतात. रोज मुलांना शाळेत सोडायला ते लागत नाही.

आपल्याकडे हा इतिहास थोडा वेगळ्या क्रमाने घडला. शिसे नसलेले पेट्रोल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आले आणि २००० मध्ये देशभरातून शिसे गेले. ब्रँडेड पेट्रोलची लाट आली ती त्यानंतर, म्हणजे सेन्सरच्या काळात. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल ज्या दहा शहरांत उतरवले, त्यांत मुंबई आणि पुणे होते. दुसरीकडे मिजलीने बाजूला ठेवलेले अल्कोहोल आपल्या पंपांवर साखर कारखान्यांच्या मळीतून परत आले. इथेनॉल मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ झाले. इथेनॉलचे ऑक्टेन शंभराच्या वर असते, त्यामुळे मिश्रण वाढले की साध्या पेट्रोलचीही नॉकिंग सोसण्याची शक्ती वाढते. प्रत्येक लिटरमागे मायलेज मात्र थोडे घटते.

अमेरिकेत आता इंजिनांचे कॉम्प्रेशन पुन्हा वाढते आहे, कारण कमी पेट्रोलमध्ये जास्त चालणारी इंजिने बनवायची तर तोच मार्ग आहे. २०१८ मध्ये जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर देशभर ९५ रिसर्च ऑक्टेन हेच साधे पेट्रोल करावे अशी मागणी मांडली. मागणीच्या बाजूने बरेच बोलता येते: सगळ्या गाड्या एकाच इंधनासाठी घडवल्या तर इंजिनियरला हात राखून काम करावे लागणार नाही आणि भावातला कृत्रिम फरकही मोडेल. पण जुन्या गाड्यांच्या मालकांनाही ते महाग पेट्रोल घ्यावे लागेल, आणि त्यांच्या इंजिनांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्या मागणीचा कायदा झालेला नाही.