नॅरोबोट-निवास
इंग्लंडमधील कालव्यांवर अरुंद नौकेत बारमाही बिऱ्हाड करण्याची पद्धती. अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी खोदलेल्या मिडलंड्समधील कालव्यांचे जलपाश (लॉक) जेमतेम ७ फूट रुंद असल्यामुळे नौकेची रुंदीही तेवढ्यातच बसवावी लागते, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. संसार एका बोळात मांडल्यासारखा असतो. कायमचा धक्का नसलेल्या परवानाधारकास, १९९५ च्या कायद्यान्वये, सबळ कारणाविना एके ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक मुक्कामाची मुभा नसल्याने टपाल, दवाखाना व मुलांची शाळा यांची तजवीज नित्य नव्याने करावी लागते. हिवाळ्यात जलपाशांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद होतात, प्रसंगी पाणीही गोठते. कोळशाची शेगडी अहोरात्र धगधगती ठेवावी लागते आणि वायुवीजन तुंबल्यास तिचा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. तथापि खरी विवंचना थंडीची नव्हे, मैलापात्र वेळेवर रिते करण्याची होय.