मान्यता कोणाला? नागपूरच्या दलित महिला परिषदेची आणि अमेरिकेतील एका बिल्ल्याची गोष्ट

१/ सरकार जेव्हा ‘स्त्रियांचे मत’ विचारते, तेव्हा ते नेमके कोणाला विचारते? १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन या दोघी भारतीय स्त्रियांच्या वतीने बसल्या. त्यांची निवड कोणत्याही महिला संघटनेने केलेली नव्हती, सरकारने केली होती. आजचा थ्रेड या अधिकृत मान्यतेच्या प्रश्नावर.

२/ अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरले. पुढे हीच संस्था भारतीय स्त्रियांचा आवाज म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे नेतृत्व मात्र प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित व उच्चवर्णीय होते.

३/ त्याच काळात दलित स्त्रियाही संघटित होत होत्या. १९२७ च्या महाड सत्याग्रहात त्या होत्या. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या रमाबाई आंबेडकर. त्यांचे माहेर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळचे वणंद. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी लहानपणी ओझी वाहून पोट भरले आणि पुढे १९२२ मध्ये मुलींसाठी शाळा काढली.

४/ डिसेंबर १९३७. महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. जाईबाई तेथे उपस्थित होत्या, परंतु जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेध सभा घेतली. सर्व स्त्रियांच्या नावाने बोलणाऱ्या संस्थेच्या पंक्तीत आपल्याला जागा नाही, हे त्यांना उमगले होते.

५/ अशीच एक घटना सदतीस वर्षांपूर्वी अमेरिकेत घडली होती. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्लबांनी १८९६ साली आपली राष्ट्रीय संघटना उभारली. त्यांच्या एक अग्रणी, बोस्टनच्या जोसेफीन सेंट पिअर रफिन, १९०० साली महिला क्लबांच्या महासंघाच्या मिलवॉकी अधिवेशनास गेल्या. गौरवर्णीय क्लबांच्या प्रतिनिधी म्हणून त्यांना प्रवेश होता. स्वतःच्या कृष्णवर्णीय क्लबच्या प्रतिनिधी म्हणून नव्हता. त्यांचा बिल्ला काढून घेण्याचाही प्रयत्न झाला.

६/ जात आणि वंश या भिन्न व्यवस्था आहेत. त्या एकच मानणे योग्य नव्हे. तरीही येथे एक साम्य ठळक दिसते. एकटी स्त्री आली, तर तिला कसेबसे सामावून घेतले जाते. ती आपल्या समूहाची प्रतिनिधी म्हणून आली, की दार बंद होते. म्हणूनच दोन्हीकडच्या स्त्रियांना स्वतंत्र संघटना हव्या होत्या.

७/ २० जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित महिला परिषद. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. ठराव पाहा : घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा व निवृत्तिवेतन, गिरण्यांत स्त्री-पर्यवेक्षक, मुलींचे शिक्षण आणि प्रातिनिधिक संस्थांत राखीव जागा.

८/ यांतील शेवटची मागणी आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. आमच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलू नये, आमची प्रतिनिधी आमच्यातलीच असावी, असा तिचा अर्थ. परिषदेस मार्गदर्शन करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य झाले होते.

९/ अमेरिकेत मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी १९३५ साली कृष्णवर्णीय महिलांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. १९४१ मध्ये युद्धखात्याने महिला संघटनांना सल्लामसलतीस बोलावले, तेव्हा ही परिषद वगळली गेली. बेथ्यून यांनी लेखी निषेध नोंदविला. त्यानंतर तिला स्थान मिळाले. मान्यता आपणहून आली नाही, ती मागून घ्यावी लागली.

१०/ आपल्याकडे १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. अनुसूचित जातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा त्या जातींतील स्त्रियांचा, हेही तीत स्पष्ट लिहिले आहे. नागपूरच्या मागणीनंतर अर्धे शतक उलटले होते. आज हा नियम हेदवीसारख्या किनाऱ्यावरच्या गावासही लागू आहे.

११/ जागा मिळाल्या. इतिहास मात्र विखुरलेलाच होता. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात जन्मलेल्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या कार्यकर्त्यांना गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये आला. त्यातील ‘आम्हीही’ या शब्दातला ‘ही’ नीट वाचावा.

१२/ सरकारी नोंद ही एक मान्यता. इतिहासातली नोंद ही दुसरी. दुसरीसाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. आपल्या गावातील जुन्या महिला मंडळाची इतिवृत्ताची वही कोणाच्या ट्रंकेत पडली असेल, तर ती उघडा, तिची छायाचित्रे काढून ठेवा आणि ज्या आजी सांगू शकतात त्यांना आजच विचारा. वाळवी आणि कोकणातला पावसाळा थांबत नाहीत.