कोलॅजिनेज–निरोधक संयुग, मानवी

कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे विघटन करणारे मानवी एंझाइम आणि त्याचे कार्य रोखणारा रेणू यांची जोडणी. कोलॅजेनचा तिहेरी सर्पिल बहुतेक प्रथिनभेदक एंझाइमांना दाद देत नाही. कोलॅजिनेज मात्र त्याचे एका ठराविक जागी पाऊण आणि पाव असे दोन तुकडे करते. जेरोम ग्रॉस व शार्ल लापियेर यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिलाच्या शेपटीत ही क्रिया प्रथम दाखवली.

संरचना : निरोधकासह एमएमपी-१ (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-१) या मानवी कोलॅजिनेजच्या उत्प्रेरक खंडाची स्फटिकरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. या खंडात पाच पट्ट्यांचे बीटा-पत्रक व तीन आल्फा-सर्पिल असतात. क्रियास्थानातील जस्ताचा आयन तीन हिस्टिडिनांनी धरलेला असतो. शेजारचे ग्लुटामिक अम्ल पाण्याच्या रेणूला सक्रिय करते. दुसरा जस्त आयन आणि कॅल्शियम आयन रचनेला स्थैर्य देतात.

निरोधन : निरोधकातील हायड्रॉक्झामेट गट आपल्या दोन ऑक्सिजन अणूंनी जस्ताला पकडतो, तर निरोधकाची शाखा क्रियास्थानालगतच्या एस-१′ नावाच्या कप्प्यात शिरते. एमएमपी-१ मध्ये आर्जिनिनामुळे हा कप्पा उथळ असतो, तर एमएमपी-१३ या दुसऱ्या कोलॅजिनेजमध्ये खोल. या फरकामुळे निवडक निरोधक बनवता येतात.

महत्त्व : संधिवात, हिरड्यांचे विकार व कर्करोगाचा प्रसार यांत कोलॅजेनचा अतिरिक्त ऱ्हास होतो. मारिमास्टॅट या व्यापक निरोधकाने रुग्णांना सांधेदुखी झाली, म्हणून निवडकता अत्यावश्यक ठरते.