बेगमीपासून पाव किलोपर्यंत

मुंबईच्या उपनगरांत किराणा दुकान वेगळे आणि खास खाण्याचे दुकान वेगळे. किराणावाल्याकडे गिऱ्हाईक यादी घेऊन जाते आणि पिशवी भरून परतते. खास दुकानात माल एकाच जातीचा असतो आणि गिऱ्हाईक तो डोळ्यांनी, नाकाने आणि जमल्यास जिभेने पारखून घेते. युरोपात अशा दुकानांना जर्मनमधून आलेला ‘डेलिकटेसन’ हा एकच शब्द पुरतो. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात त्यांना फरसाण मार्ट, मसाला कांडप, गृहोद्योग भांडार, सुका बाजार, कोल्ड स्टोरेज अशी अनेक नावे आहेत, कारण ती वेगवेगळ्या लोकांच्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडली. जो जिन्नस घरात वर्षभराचा करून ठेवला जाई, तो करायला सवड आणि ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तो दुकानात गेला. या व्यापाराचा इतिहास बऱ्याच अंशी बेगमी मोडण्याचा इतिहास आहे.

रेल्वे येण्यापूर्वी हा मुलूख साष्टी बेटावरच्या खेड्यांचा होता. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी आणि पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली कुटुंबे भात, मीठ, ताडी आणि मासळी यांवर जगत. त्यांच्या वर्षात आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना, मोठे महत्त्व होते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ताजी मासळी संपली. मग नारळी पौर्णिमेपर्यंत सुक्यावर भागवायचे. त्यासाठी बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, सोडे यांची खरेदी पाऊस लागण्यापूर्वीच उरकली जाई. अंधेरी पूर्वेला मरोळचा सुका बाजार याच गरजेवर उभा राहिला. उपनगरांतला सर्वांत जुना खास खाद्यव्यापार कोणता, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडेल.

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या किनाऱ्यांवर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून ते जोडीने टांगलेले असतात. बोंबलाला मीठ लावावे लागत नाही. ऊन आणि वारा पुरतो. चांगला बोंबील पांढुरका, वजनाला हलका आणि मोडताना कडकन तुटणारा. पिवळा पडलेला आणि वाकणारा माल जाणती बाई हातात घेऊन लगेच खाली ठेवते. सोड्यांचे वजन मिठाने वाढवण्याची खोड जुनी आहे, म्हणून सोडा जिभेला लावून बघण्याचा रिवाजही तितकाच जुना.

याच मुलखातल्या मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव दिले. गोवा आणि मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत, हे सरकारदरबारी दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. नाव इंग्रजी असले तरी घरची बोली मराठीच राहिली आणि स्वयंपाकाची ओळख झाला तो बाटली मसाला. दोन-तीन जातींच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, हरभऱ्याची डाळ, दालचिनी, नागकेशर, दगडफूल, त्रिफळ असे वीसहून अधिक जिन्नस त्यात पडतात आणि घरागणिक प्रमाण बदलते. मे महिन्यात मसाला करणाऱ्या बाया गावठाणागावठाणांतून फिरत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, लाकडी उखळात उंच मुसळांनी कांडायचा, चाळायचा आणि बिअरच्या गडद रंगाच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. गडद काचेतून उजेड जात नाही, ठासल्याने हवा राहत नाही. म्हणून रंग आणि वास वर्षभर टिके. मरोळ, चकाला, आंबोली येथील घरांना हा मसाला विकत घेण्याची कल्पनाही नव्हती.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली लोकल निघाली. पण उपनगरे लगेच भरली नाहीत. १८९६ च्या प्लेगने लोकांना शहराबाहेरच्या मोकळ्या हवेची आठवण करून दिली. १९२८ साली पश्चिमेची गाडी बोरिवलीपर्यंत विजेवर धावू लागली, तेव्हा रोज ये-जा करून नोकरी करणे सोपे झाले. गिरगावातल्या चाळींतून पार्ले, अंधेरी, मुलुंड येथे आलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे सोबत जिभेच्या सवयी घेऊन आली, दुकाने मात्र मागेच राहिली. १९१० साली सुरू झालेले बेडेकरांचे मसाले-लोणच्याचे दुकान गिरगावात होते; मेतकूट, भाजणी, गोडा मसाला घ्यायचा तर कार्यालयातून परतताना वाट वाकडी करावी लागे. गिरगाव आणि दादरची पिशवी घेऊन संध्याकाळची लोकल पकडणारा कारकून ही उपनगरी खाद्यव्यापाराची पहिली पायरी म्हणायला हरकत नाही.

तेव्हाही घरची बेगमी चालू होती. तिला पहिला मोठा धक्का १९४३ साली बसला. युद्धकाळात मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि गहू-तांदूळ कार्डावर, ठरल्या मापाने मिळू लागले. वर्षाचे धान्य एकदम भरण्याची रीत कायद्याच्या आड आली. नंतर घरेच बदलली. १९५० आणि १९५७ साली ही उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली, वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या जागी दोन-तीन मजली सोसायट्या आल्या. दीड खोलीच्या ब्लॉकला अंगण नसते. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे कुरडया आणि सांडगे वाळत घालायचे तर पाळीने. शिवाय कावळे आणि वरच्या मजल्यावरची मुले. खालच्या मजल्यावर मिरची कांडली तर सगळी इमारत शिंकते. त्यात घरातली बाईही नोकरीसाठी ८.१७ ची गाडी पकडू लागली. पापड-लोणचे विकत आणण्यात पूर्वी जी लाज वाटे, ती या कारणांपुढे फार दिवस टिकली नाही.

येथून गृहोद्योग भांडाराचा काळ सुरू होतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ त्यातून उभे राहिले. पीठ एका ठिकाणी मळायचे, सभासद बायकांनी ते घरी न्यायचे, लाटून-वाळवून आणायचे, वजन करून मजुरी घ्यायची, ही पद्धत पुढे उपनगरांत खोलवर रुजली. हाच नमुना लहान प्रमाणात शेकडो घरांनी उचलला. पार्ले, बोरिवली, मुलुंड येथील भांडारांत काचेच्या बरण्यांमागे जी भाजणी, थालीपिठाचे पीठ, पुरणपोळ्या, उपवासाचा चिवडा असतो, तो अनेकदा चार गल्ल्या पलीकडच्या एखाद्या स्वयंपाकघरातून सकाळी आलेला असतो. पाटीवरचा ‘घरगुती’ हा शब्द म्हणूनच खोटा नाही. घर फक्त दुसऱ्याचे असते. शेरभर करून महिनाभर पुरवण्याऐवजी पाव किलो आणून चार दिवसांत संपवण्याची सवय या भांडारांनी लावली.

दुधाची कथा सरकारी आहे. शहरातील गोठे बाहेर हलवावेत म्हणून गोरेगावजवळ १९४९ साली आरे दूध वसाहत सुरू झाली. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेच्या केंद्रावर पहाटे बाटल्यांसाठी लागणारी रांग ही उपनगराची पहिली बातमीबैठक होती. दूध, लस्सी आणि ‘एनर्जी’ची बाटली यांपलीकडे त्या केंद्राने फारसे काही विकले नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसला.

घाटकोपरची गोष्ट वेगळी. येथे कच्छ आणि सौराष्ट्रातील व्यापारी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आणि त्यांच्यासोबत फरसाण आले. फरसाणाचे दुकान खरे बघायचे ते रविवारी सकाळी. कारागिरापुढे तिरपा लाकडी पाट असतो. बेसन, ओवा, पापडखार आणि तेल यांत मळलेल्या पिठाची लहान वळी तो पाटावर ठेवतो, तळहाताच्या टाचेने एका दमात पुढे रेटतो आणि पाटाला चिकटलेली पातळ पट्टी सुरीने खरवडून सरळ कढईत सोडतो. फाफडा काही क्षणांत फुलून वर येतो. झारा फिरतो, टोपलीत ढीग पडतो, बाजूला कच्च्या पपईचा संभारा आणि तळलेल्या मिरच्या, पलीकडे जिलबी. विकणारा मान वर न करता विचारतो, ‘बारीक शेव की जाडी?’ आणि गाठियाचा एक तुकडा पुढे करतो. चव दाखवणे हा येथे उपकार मानला जात नाही; तो व्यवहाराचाच भाग आहे.

जैन गिऱ्हाइकांमुळे या दुकानांना एक शिस्तही आली. कांदा, लसूण, बटाटा यांना मज्जाव, म्हणून बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले आणि केळ्याचे वेफर सर्वांचेच आवडते झाले. खाखऱ्याने तर स्वतंत्र दुकान मिळवले. मुळात तो उरलेल्या पोळीची सोय होती: पोळी तव्यावर टाकून लाकडी दाबणीने दाबत कोरडी कुरकुरीत करायची, की प्रवासाला आठवडाभर चालते. आज त्यात साधा, जिरे, मेथी, मसाला असे प्रकार पुडक्यांच्या चळतींत मांडलेले दिसतात. मराठी घरांनीही तो न्याहारीत सामावून घेतला. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत वसलेल्या सिंधी कुटुंबांनी मिऱ्यांचे झणझणीत पापड आणले, तेही असेच शेजाऱ्यांच्या ताटात गेले. उपनगरांत जेवणाचे सोवळे अजून पुष्कळ आहे, पण कोरड्या खाऊला ते फारसे लागू झालेले नाही.

कोरडा नसलेला माल मात्र आपल्या वस्तीतच राहिला. बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मालाडचे ओर्लेम, मरोळ येथील ‘कोल्ड स्टोरेज’ हे युरोपातल्या डेलिकटेसनचे सर्वांत जवळचे नातलग. घरोघर फ्रिज नव्हते त्या काळात दुकानदाराचे खरे भांडवल शीतकपाट हेच होते, म्हणून दुकानाला नाव तेच पडले. आत हॅम, बेकन, सलामी, व्हिनेगर-मिरचीत मुरवलेल्या गोव्याच्या चोरिसांच्या माळा आणि नाताळच्या आधी सोरपोतेलसाठीचे मांस. बोरिवलीतच सरकारी बेकन कारखाना होता आणि त्याचा माल ‘माफको’च्या नावाने विकला जाई, अनेक मराठी घरांना माफको माहीत झाले ते मात्र गोठवलेल्या मटारांमुळे. शेजारच्या बेकरीतला पाव पोर्तुगीजांकडून नावासकट आलेला, आणि तो मात्र कोणत्याही वस्तीत अडला नाही.

कोकणातल्या लोकांची दुकाने तुलनेने उशिरा आली. चाकरमान्याची पिशवीच त्यांचे दुकान होती: गावाहून येताना कुळथाचे पीठ, आमसुले, उकडे तांदूळ, फणसपोळी येई आणि शेजारीपाजारी वाटली जाई. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मालाची ने-आण वाढली आणि बोरिवली, भांडुपच्या बाजूला मालवणी मसाला, आगळ, काजू, आंबापोळी बाराही महिने मिळू लागली.

मोठ्या दुकानांशी या सर्वांची गाठ जुनीच आहे. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या सहकारातून निघालेला ‘अपना बाजार’ पुढे अंधेरीत आला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने महिन्याचे सामान संघांमार्फत घरोघर वाटण्याची पद्धत घातली. २००२ साली डी-मार्टचे पहिले दुकान पवईत उघडले. यांचा फटका किराणावाल्याला बसला. खास दुकान त्यातून बरेचसे वाचले, कारण मोठ्या दुकानाला समोर तळून देता येत नाही आणि गोड्या मसाल्यात ‘थोडी दालचिनी जास्त घाला’ हे ऐकून घेता येत नाही. अडचण आली ती कागदांची. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांमुळे प्रत्येक पुडक्यावर परवाना क्रमांक आणि तारीख आली. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला नुसती नोंदणी पुरेल, अशी सवलत त्या नियमांत ठेवली गेली, म्हणून चार गल्ल्या पलीकडचे स्वयंपाकघर बंद पडले नाही. पुनर्विकासाने मात्र अनेक जुनी दुकाने हलवली, आणि हललेल्या दुकानाचे गिऱ्हाईक अर्धे तरी तुटते.

एप्रिल-मे महिन्यांत कांडप यंत्रे अजून रात्री उशिरापर्यंत चालतात. आपल्या मिरच्या निवडून, उन्हात तापवून आणणाऱ्या आणि यंत्रासमोर स्टुलावर बसून राहणाऱ्या बाया अजून दिसतात. आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये यासाठी हा पहारा असतो. ईस्ट इंडियन मसालाही आता बिनदिक्कत विकत मिळतो. उखळाची जागा यंत्राने घेतली, बिअरच्या बाटलीची जागा बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या पाकिटाने घेतली. पाकिटावर नाव अजून ‘बाटली मसाला’ असेच छापलेले असते.